‘बिझनेस मॅनेजमेंट’ म्हणजे नेमकं कुठलं? कम्युनिटी कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या आईला आणि मुलाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहता, कोल्हापूरच्या बी.कॉम. आहात. इथे आल्यापासून दहा वर्षं एच-४ वर (जोडीदाराच्या वर्क व्हिसावर मिळणारा कुटुंबाचा व्हिसा) घरी होतात, आता ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, हातात आलंय. मुलाचं हायस्कूल यंदा संपतंय. त्याला हव्या असलेल्या यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसनी नकार कळवला. तो म्हणतो, कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) जाऊन बिझनेस मॅनेजमेंट करतो, आणि तुमच्याही मनात तेच आहे. घरातली मोठी माणसं मात्र म्हणतात की तिथे कुठेच प्रवेश न मिळालेली मुलं जातात. तुम्ही विचारलंत, जावं का? आणि दोघांनी एकच कोर्स घेतला तर अभ्यास बरोबर होईल का?

जावं. दोघांनीही जावं. पण एकच कोर्स घेऊ नका.

बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी १९ वर्षं फायनान्शियल अकाउंटिंग आणि इंट्रोडक्शन टू बिझनेस शिकवते आहे. तुमच्यासारख्या आया आणि तुमच्या मुलासारखी मुलं दर सेमिस्टरला माझ्या वर्गात असतात, काही वेळा एकाच बाकावर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरातल्या मोठ्यांबद्दल. या कॉलेजांना पूर्वी ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं, सार्वजनिक कॉलेजांमधलं सगळ्यांत जुनं. आपल्या कानाला ज्युनिअर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी ऐकू येते आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. ही अकरावी-बारावी नाही. चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षं इथे शिकता येतात आणि ती युनिट (म्हणजे क्रेडिट) पुढच्या विद्यापीठात मोजली जातात. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये राज्याने उच्चशिक्षणाचे तीन मजले ठरवले, यूसी, सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि कम्युनिटी कॉलेज, आणि खालच्या मजल्यावरून वर जायचा जिनाही त्याच आराखड्यात बांधला. दर दोन फ्रेशमनमागे (हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधल्या वर्षाला येणारा, विद्यार्थी घ्यायचा, हे यूसीचं जाहीर धोरण आहे. त्यामुळे यूसीचं दार तुमच्या मुलासाठी बंद झालेलं नाही. त्याला दुसऱ्या बाजूने आत जायचं आहे. ट्रान्सफरला एसएटी ही प्रवेशपरीक्षा लागत नाही आणि कॉलेजमधले मार्क चांगले असतील, तर हायस्कूलचे मार्क फारसे आड येत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये बिझनेसच्या नावाने बऱ्याच ठिकाणी दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक ‘बिझनेस मॅनेजमेंट’ आणि दुसरी ‘बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, जिच्यापुढे ‘फॉर ट्रान्सफर’ असं लिहिलेलं असतं. ऐकायला सारखीच. पण पहिली आहे नोकरी करणाऱ्यासाठी: सुपरव्हिजन, ह्युमन रिसोर्सेस, स्मॉल बिझनेस मॅनेजमेंट, मार्केटिंग. शिकलं की उद्या दुकानात किंवा ऑफिसात वापरता येईल असं. दुसरी आहे पुढे बॅचलर्स करणाऱ्यासाठी. तिच्यात फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स किंवा बिझनेस कॅल्क्युलस आणि बिझनेस लॉ येतात. मुलाने नावाकडे पाहून पहिली निवडली तर ती सोपी वाटेल, आवडेलही, मार्कही छान पडतील. अडचण दोन वर्षांनी कळते.

असं का होतं ते समजून घ्या, कारण काउन्सेलरच्या वीस मिनिटांत हे कुणी समजावत बसत नाही. इथल्या पदवीचे दोन भाग असतात. पहिल्या दोन वर्षांची लोअर डिव्हिजन, नंतरच्या दोन वर्षांची अपर डिव्हिजन. मार्केटिंग, फायनान्स, मॅनेजमेंट, एचआर हे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षी शिकवतात. तेच विषय कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षी घेतले, तर सीएसयू त्यांची युनिट बहुतेक वेळा ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक) म्हणून धरते, पण मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, ते पुन्हा करावे लागतात. यूसी तर त्यांतले बरेच विषय मोजतच नाही. म्हणजे विषय चांगला, शिक्षक चांगला, मुलगा हुशार, आणि तरी वर्ष वाया.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. आधी दुसऱ्या एका कॉलेजात ६० युनिट पूर्ण करून, ‘बिझनेस मॅनेजमेंट’ची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) घेऊन आला होता. जवळजवळ सगळीकडे ए. फायनान्शियल अकाउंटिंग मात्र केलेलं नव्हतं, कॅल्क्युलस नव्हतं, आणि तीच नेमकी त्याच्या पसंतीच्या विद्यापीठाची अट होती. माझ्या ऑफिसात बसून त्याने ट्रान्सक्रिप्ट टेबलावर ठेवली. मी पेन्सिलीने एकेका ओळीपुढे खूण करत गेले. पानाच्या शेवटी पोचलो तेव्हा मेजरसाठी मोजले जाणारे चारच विषय निघाले. तो काहीच बोलला नाही, कागद घडी करून खिशात घातला. पुढचं सव्वा वर्ष तो आमच्याकडे होता. गेला शेवटी, चांगल्या ठिकाणी गेला. पण त्याला पहिल्या आठवड्यात कुणी एक वेबसाइट दाखवली असती तर ते सव्वा वर्ष वाचलं असतं. तेव्हापासून मी पहिल्या तासाला अकाउंटिंग शिकवतच नाही, आधी ती वेबसाइट उघडते.

तिचं नाव असिस्ट डॉट ऑर्ग. कॅलिफोर्नियातलं कुठलंही कम्युनिटी कॉलेज डाव्या बाजूला निवडा, यूसी किंवा सीएसयूचा कॅम्पस उजव्या बाजूला, मग मेजर. आपल्या कॉलेजातला कुठला कोर्स त्यांच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो ते समोरासमोर दिसतं. मुलाला सांगा, आज रात्री बसून तीन-चार विद्यापीठांची पानं काढ आणि शेजारी शेजारी ठेव. मेजरचं नाव वाचून थांबू नको, खालची यादी वाच. यूसी सांताक्रूझला ‘बिझनेस मॅनेजमेंट इकॉनॉमिक्स’ आहे. नावात मॅनेजमेंट आहे, पण यादी पाहिली तर तो इकॉनॉमिक्सचा आणि कॅल्क्युलसचा मामला आहे. यूसीएलएला पदवी पातळीवर बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नाहीच, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे. अर्व्हाइन आणि रिव्हरसाइडला बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आहे. बर्कलीचं हास स्कूल ट्रान्सफर घेतं, पण जागा थोड्या. तीनचार याद्यांमध्ये जे कोर्स सगळीकडे येतात, ते आधी उरकायचे.

हमी कशाची आहे आणि कशाची नाही, हेही लक्षात घ्या. २०१० च्या एसबी १४४० कायद्याने ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ आली. ती ठरल्याप्रमाणे पूर्ण केली की सीएसयूमध्ये कुठेतरी प्रवेश नक्की आणि तिथे उरलेली ६० युनिट केली की पदवी. ‘कुठेतरी’ हा शब्द महत्त्वाचा. सॅन होजे स्टेटलाच, बिझनेसलाच मिळेल असा त्याचा अर्थ होत नाही. तिथे गर्दी आहे, मार्क बघतात. यूसीची हमी वेगळी, तिला टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) म्हणतात. ती सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांताक्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पसला. कुठल्या मेजरला किती जीपीए (मार्कांची सरासरी) लागेल ते दर वर्षी बदलतं, तेव्हा त्या वर्षीचाच तक्ता बघायचा.

आणि एक गणित, जे मुलांच्या लक्षात फार उशिरा येतं. सगळे म्हणतात, ‘दोन वर्षं आहेत’. पण विद्यापीठाचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो. म्हणजे अर्ज भरताना दाखवायला हातात फक्त पहिल्या वर्षाचे मार्क असतात. पहिलं सेमिस्टर ‘सेटल व्हायला’ म्हणून सैल सोडलं, तर निम्मी पुंजी तिथेच गेली. दोन वर्षांत सगळेच जातात असंही नाही. आठवड्याला तीस तास नोकरी करणारी, गणित पुढे ढकलणारी मुलं तीन-चार वर्षं राहतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते ठरवून व्हावं, नकळत होऊ नये.

गणित आणि अकाउंटिंग पुढे ढकलू नका. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर, कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी प्लेसमेंटची परीक्षा मागे पडली. मुलं आता थेट ट्रान्सफर पातळीच्या गणितात बसतात. ज्याचा पाया कच्चा आहे त्याने कोर्सला जोडून मिळणारा सपोर्ट क्लास घ्यावा, ट्यूटरिंग सेंटरला जावं. ते फुकट असतं आणि अर्धं रिकामं असतं. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेज पातळीचा कोर्स) कॅल्क्युलस किंवा एपी इकॉनॉमिक्स झालं असेल आणि तीन किंवा वर गुण असतील, तर तो स्कोअर कॉलेजकडे लगेच पाठवा. तो पाठवायला विसरून तोच विषय पुन्हा करणारी मुलं मी पाहिली आहेत.

अकाउंटिंगमध्ये मुलं कुठे अडखळतात ते सांगते. पहिले चार आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग अ‍ॅडजस्टिंग एंट्रीज येतात. मी फळ्यावर लिहिते: दुकानाने १ ऑक्टोबरला वर्षभराच्या विम्याचे १,२०० डॉलर भरले. ३१ डिसेंबरला खर्च किती? वर्गातल्या निम्म्या वह्यांत १,२०० असतं. पैसे गेले ना, मग खर्च झालाच की! खर्च फक्त ३०० चा झाला, कारण तीनच महिने सरले. उरलेले ९०० अजून आपलेच आहेत, ती मालमत्ता आहे. पैसा जाणं आणि खर्च होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे ज्या दिवशी मनात बसतं त्या दिवसापासून पोरगं धंदा वाचायला शिकतं. तोवर ते आकडे भरत असतं. या आठवड्यात मुलाने माझ्यासारख्या शिक्षिकेच्या ऑफिस अवरला यायलाच हवं. इथे वर्गात चाळीसएक मुलं असतात, शिक्षक नावाने ओळखतात. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी चारशेंच्या हॉलमध्ये बसून हे मिळत नाही. कम्युनिटी कॉलेजचं खरं धन हेच, आणि दार लोटून येणारी मुलं फार थोडी.

आता तुमच्याबद्दल, ताई. तुम्हाला पुन्हा असोसिएट डिग्रीची गरज आहे असं मला वाटत नाही. पदवी तुमच्याकडे आहे. तीन वर्षांची बी.कॉम. म्हणजे इथली चार वर्षांची पदवी असं सगळीकडे धरतीलच असं नाही, म्हणून क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (परदेशी पदवी इथल्या कशाच्या तोडीची, याचं मूल्यमापन) करून ठेवा. मार्कशीट आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट शिवाजी विद्यापीठाकडून मागवायला वेळ लागतो, ते काम आजच सुरू करा. तुम्हाला हवं आहे ते इथलं, अलीकडचं, कागदावर दिसणारं शिक्षण: फायनान्शियल अकाउंटिंग, क्विकबुक्स (हिशेबाचं सॉफ्टवेअर), पेरोल (पगाराचा हिशेब), इन्कम टॅक्स. हे चार-सहा कोर्स मिळून बहुतेक कॉलेजात ‘सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट’ मिळतं. संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग असतात. ‘बिझनेस मॅनेजमेंट’ तुम्हाला उपयोगी पडेल, पण पाळणाघर किंवा डब्यांचा व्यवसाय करायचा असेल तर. नोकरीत परतायचं असेल तर अकाउंटिंग.

कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सगळं तुम्ही शिकून आला आहात, आणि नावे-जमा इथेही नावे-जमाच आहे. भाषा मात्र बदलली आहे, तिथे आपल्याकडच्या बायका पहिले दोन आठवडे गोंधळतात. ‘संड्री डेटर्स’ इथे ‘अकाउंट्स रिसीव्हेबल’. ‘स्टॉक’ म्हटलं तर शेअर समजतील, मालाला ‘इन्व्हेंटरी’ म्हणायचं. ‘टर्नओव्हर’ म्हटलं की ऑफिसातल्या माणसाच्या मनात बऱ्याचदा नोकरी सोडून जाणारे लोक येतात, विक्रीला ‘सेल्स’ किंवा ‘रेव्हेन्यू’ म्हणा. आपण जुन्या पद्धतीत देणी डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे लिहायचो. इथे मालमत्ता आधी, आणि त्यातही रोख सगळ्यांत वर. लास्ट इन फर्स्ट आउट ही मालाच्या मूल्यमापनाची पद्धत भारतात लेखा मानकांनी बंद केली आहे, इथे ती चालते. माझ्या वर्गात चाळिशीतली एक बाई फळ्यासमोर बॅलन्स शीट लिहायला उभी राहिली. सवयीने उजव्या बाजूला ‘कॅश’ लिहिलं, थबकली, पुसलं, आणि मग न अडखळता पूर्ण पान लिहून काढलं. पंधरा वर्षांपूर्वीचं ज्ञान हातात तसंच होतं, फक्त बाजू बदलायची होती. आता ती एका छोट्या बांधकाम कंपनीचं पेरोल सांभाळते.

तुमच्यासाठी सगळ्यांत चांगली पहिली पायरी म्हणजे व्हिटा. आयआरएसचा, म्हणजे इथल्या आयकर खात्याचा, हा स्वयंसेवी कार्यक्रम आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न मोफत भरून देतात, आणि बरीच कम्युनिटी कॉलेजं आपल्या आवारात हे केंद्र चालवतात. प्रशिक्षण देतात, परीक्षा घेतात, मग फेब्रुवारी ते एप्रिल खऱ्या माणसांसमोर बसायचं. दहा वर्षांच्या रिकाम्या जागेनंतर रेझ्युमेवर पहिली ओळ म्हणून मला याहून सच्ची ओळ माहीत नाही. पुढे टॅक्सच्या कामात जायचं असेल तर कॅलिफोर्नियात सीटेकची (पैसे घेऊन टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्यांची) नोंदणी आहे, तिला ६० तासांचं शिक्षण लागतं. एन्रोल्ड एजंटची (आयआरएससमोर करदात्याची बाजू मांडणाऱ्याची) तीन भागांची परीक्षा आहे, तिला कुठल्याही पदवीची अट नाही. आणि सीपीएचं (आपल्याकडच्या सीएसारखं) स्वप्न असेल तर ते मोडू नका. परीक्षेला बसायला इथे पदवीबरोबर अकाउंटिंगची २४ आणि बिझनेसची २४ सेमिस्टर युनिट लागत आली आहेत, आणि कमी पडणारी युनिट कम्युनिटी कॉलेजातून भरून काढणारे पदवीधर माझ्या संध्याकाळच्या वर्गात नेहमी असतात.

पैशाचं. राज्याच्या रहिवाशांना एका सेमिस्टर युनिटची फी ४६ डॉलर आहे. ६० युनिट म्हणजे २,७६० डॉलर, दोन वर्षांचे मिळून. यूसीची नुसती ट्यूशन वर्षाला १४,००० च्या वर जाते. तुमच्याजवळ ओलोनी आहे, ते सेमिस्टरवर चालतं. खाडीपलीकडचं डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर. तिथे ६० ऐवजी ९० युनिट लागतात आणि अकाउंटिंगची मालिका तीन कोर्सांत विभागलेली असते. क्वार्टर बारा आठवड्यांचा, श्वास घ्यायला वेळ नाही. एक नियम पाळा: अकाउंटिंगची मालिका ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवा. अर्धी इथे अर्धी तिथे केली की विद्यापीठात जुळवताना डोकेदुखी होते.

एच-४ वर असूनही रहिवासी फी मिळू शकते. एक वर्ष आणि एक दिवसाचं वास्तव्य आणि इथेच राहायचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो: लीज, टॅक्स रिटर्न, लायसन्स. अर्ज करताना ऑनलाइन फॉर्मने आपोआप ‘नॉन-रेसिडेंट’ ठरवलं तर घाबरून फी भरू नका, अ‍ॅडमिशन्स ऑफिसात कागद घेऊन जा. केंद्र सरकारची पेल ग्रँट (शिक्षणासाठीची आर्थिक मदत) मात्र एच-४ ला मिळत नाही. आणि मुलाचं वय. तो २१ चा झाला की एच-४ संपतो. ग्रीन कार्ड त्याआधी आलं नाही तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागेल, आणि त्याने फीचं वर्गीकरण बदलू शकतं. कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षं स्वस्त गेली तरी ट्रान्सफरनंतरची दोन महाग पडू शकतात. हे दुखरं आहे, पण आत्ताच इमिग्रेशन वकिलाशी बोलून तारखा कागदावर मांडा, तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा.

शेवटी मुलाला तारखांची शिस्त लावा. वर्ग झेपत नसेल तर सेन्ससच्या तारखेआधी (सेमिस्टरच्या सुरुवातीला वर्गाचा पट पक्का होतो ती तारीख) सोडला की ट्रान्सक्रिप्टवर काही उमटत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद), आणि नुसतंच जाणं बंद केलं तर एफ (नापास). एकच कोर्स तीनपेक्षा जास्त वेळा घेता येत नाही, आणि डब्ल्यूसुद्धा त्यात मोजला जातो. लाजेपोटी सांगत नाहीत मुलं. घरी विचारत राहा, रागावून नको.

या आठवड्यात असिस्टची तीन पानं छापून घ्या आणि ट्रान्सफर काउन्सेलरची वेळ घ्या. मुलाची वेगळी, तुमची वेगळी. काउन्सेलरने बनवलेला ‘एज्युकेशन प्लॅन’ लेखी घ्या, आणि त्यावर मेजरपुढे ‘बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ लिहिलंय की ‘बिझनेस मॅनेजमेंट’, ते तिथेच, खुर्चीतून उठायच्या आधी वाचा.